सूर्य चढल्यावर वाजत नाही

उलकान आपाची तक्रार एका ओळीची होती : 'सूर्य चढल्यावर वाजत नाही.'

तिच्याखाली मी लिहिलं होतं, 'तीन फोनांवर, तीन वेळा पाहिलं. आढळलं नाही.' आणि तक्रार बंद केली होती. तो गुरुवार. रविवारी सकाळी नऊ वाजता नवी आवृत्ती सोडायला आम्ही तिघं आपापल्या पडद्यांसमोर जमलो, तेव्हा तपासण्यांच्या यादीतल्या एकेचाळीसही ओळींवर हिरवी खूण होती. आपाची ओळ त्या यादीत नव्हतीच.

कारोल म्हणजे राखणदार; आमच्या ॲपचं नाव. वर हिमनद्यांच्या ओटीत तळी साचतात. उन्हाळा चढला की फुगतात, आणि एखादं तळं बांध फोडून, चिखल-धोंडे पोटाशी धरून, खाली धाव घेतं. त्या तळ्यांच्या काठी आम्ही पाणी मोजणाऱ्या काठ्या रोवल्या आहेत. पाणी खुणेला लागलं की काठी संदेश धाडते आणि फोनमधला कारोल भोंगा करतो. ज्याच्या फोनवर भोंगा होतो तो 'ऐकलं' दाबतो, मग आमच्याकडे त्याचं नाव उमटतं, त्याच्या फोनातल्या घड्याळाच्या वेळेसकट. एवढंच कारोलचं काम. चाळीस गावं त्याच्या भरवशावर झोपतात.

तो लिहिणारे आम्ही सतरा जण, चार दिशांना विखुरलेले. कोड सगळ्या जगाला उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा, आणि पगार कुणालाच नाही. पहिली ओळ एमिलबेक आकेंची, जलखात्यातून निवृत्त झाल्यावर लिहिलेली. झानिश काराकोलच्या शाळेत गणित शिकवतो आणि आमच्या तपासण्या घेतो. मी, कुंदूझ, बिश्केकच्या डेअरीत दुधाची पारख करते. आलेलं प्रत्येक कॅन हुंगायचं, चाखायचं, मोजायचं आणि मगच आत घ्यायचं. बहुतेक म्हणूनच त्यांनी किल्ली माझ्या गळ्यात बांधली. कारोलची नवी आवृत्ती माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नाही. फोन आधी सही बघतात, मग दार उघडतात; फक्त तपासणाऱ्यांच्या फोनांत ती सहीआधी उतरते.

तीन फोनांचा नियमही माझाच. तक्रारी ढीगभर येतात. कुणाचा फोन पाण्यात पडलेला असतो, कुणी आवाजच बंद केलेला असतो. म्हणून तीन फोनांवर तीनदा पाहायचं, नाही दिसलं तर बंद. या नियमानं आमचा खूप वेळ वाचवला होता. मला त्याचा अभिमान होता.

आणि वेळच तर नव्हता. ज्या नंबरावरून आमचे संदेश जात, तो फोन कंपनी रविवारी दुपारी बारा वाजता बंद करणार होती. जुना कारोल तेवढाच एक नंबर ओळखतो. बारानंतर तो कान लावून बसेल, पण त्याच्याशी कुणी बोलणार नाही. नवी आवृत्ती त्याआधी फोनांत पोचायला हवी होती. जुलै चालू होता, आणि आपाच्या कुरणावरचं तळं खुणेपासून दोन बोटं खाली होतं.

आमच्यात बाता घेतल्याशिवाय कुणी प्रवासाला निघत नाही. सगळ्यात वडीलधारं माणूस तळवे उघडून आशीर्वाद बोलतं, बाकीचे तळवे उघडून ऐकतात आणि शेवटी सगळे तोंडावरून हात फिरवतात. मधे बोलायचं नसतं. लेकरू रडलं तरी उठायचं नसतं. कारोलची प्रत्येक आवृत्ती आम्ही अशीच सोडतो, आणि बाता असते उलकान आपाची. ती सदुसष्ट वर्षांची आहे. उन्हाळाभर वरच्या कुरणात घोड्या दुहते आणि आमच्यासाठी तिथे कारोल तपासते. टेकाडावर एका खांबाला नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, पिशवी टांगली आहे, तिच्यात तिचा फोन असतो. तिथेच काय ती फोनची लहर पोचते.

"आपा, ऐकू येतंय का?" झानिश ओरडला. आपा पडद्यावर नव्हती, टेकाडावरून त्याच फोनवर नुसतं बोलत होती. झानिशनं आपला दुसरा फोन संगणकाच्या तोंडाशी धरला होता.

"येतंय रे! ओरडतोस कशाला? माझ्या घोड्या गाभण आहेत."

"एजेकडे बघा," झानिश म्हणाला. एजे म्हणजे ताई; तो मला तसंच म्हणतो. "नासकं दूध चाखल्यासारखा चेहरा केलाय. एजे, एकेचाळीस हिरव्या! लग्नातसुद्धा एवढं जुळत नाही."

"तुझं जुळलं का?" मी म्हटलं.

"पोरांनो, पुरे," एमिलबेक आके म्हणाले. "पाणी दोन बोटांवर आहे. आपा, बाता द्या."

"एकच हात उघडते," आपा म्हणाली. "दुसऱ्यात तुम्ही आहात."

आम्ही तळवे उघडले. आपाचा आवाज आला, वाऱ्यानं मधूनमधून चावलेला :

*वाट तुझी उजू होवो, खूर तुझा थकू नये,*
*चुलीवरला धूर तुझा आभाळात चुकू नये,*
*तळं वरी निजो, बाई, खाली निजो लेकरू,*
*मुक्या माझ्या राखणदाराच्या गळ्यात फुटो पाखरू...*

मुक्या?

माझे तळवे उघडेच होते. दूध नासलेलं असलं तर ते आधी जिभेला कळत नाही, नाकाच्या मुळाशी कळतं. तसंच झालं.

"थांबा," मी म्हटलं.

आपा थांबली. वारा तेवढा बोलत राहिला.

"कुंदूझ!" आकेंचे तळवे अजून उघडेच होते. "बाता चालू आहे."

"आपा, मुका का म्हणालीस? आज वाजला नाही का?"

"वाजला की पहाटे. गवतावर दव होतं तेव्हा. मग सूर्य चढला. तेव्हापासून गप्प."

मी झानिशकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. "साडेआठला चाचणीचा संदेश पाठवला होता. 'ऐकलं' आलं नाही. म्हटलं चहा पीत असेल. एका 'ऐकलं'साठी काय गाव गोळा करायचं? यादी तर हिरवी होती."

"आपा, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की, गुरुवारी. तूच लिहिलंस ना आढळलं नाही म्हणून? झानिशनं वाचून दाखवलं. शिकली-सवरलेली पोरं म्हणतायत नाही, तर माझ्याच कानांत लोकर असेल. आणि बाता मागितल्यावर नाही म्हणता येतं का गं, शिंगरा?"

नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती.

आके हळू आवाजात म्हणाले, "बाता तोडलीस. आता निदान कारण तरी शोधून काढ."

"आपा, दवापासून सूर्य चढेपर्यंत काय काय झालं? सगळं सांग. अगदी बारीकसुद्धा."

"काय व्हायचंय? घोड्या दुहल्या. दूध घुसळून कुमिस केलं. एक तळलेला बोरसोक कुत्र्यानं पळवला. फोन मेला. तो रोजच मरतो, म्हातारा झालाय. मग उन्हावर वीज करणाऱ्या पत्र्यावर ठेवला, तसा उठला."

"मेला म्हणजे पूर्ण? पडदा काळा?"

"मेला म्हणजे मेला. त्यात अर्धं काय असतं?"

आमच्यापैकी कुणाचाच फोन कधी मरत नाही. शहरात फोन मरायच्या आत कुणीतरी त्याला भिंतीला लावतं. आमचे तीनही फोन, ज्यांच्यावर मी तीनदा पाहिलं, माझ्या टेबलावर दोरीला बांधलेल्या कोकरांसारखे दिवसभर चरत होते.

"आपा, फोनवर आत्ता तारीख काय दिसते?"

"मी सावली बघते, तारीख नाही. तारीख जावई बघतो, संध्याकाळी कळप घेऊन आला की. बातम्यांसाठी रोज काहीतरी सरळ करत बसतो त्यात."

"आत्ता वाच ना."

"चष्मा खाली तुझ्या आताकडे आहे. ए कासिम! चष्मा आण! ...येतोय. त्याला वेळ लागतो."

आता म्हणजे आजोबा; कासिम आता आपाचे यजमान, आणि त्यांना वेळ का लागतो ते मला ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात एक संदेश कुठेतरी अडकला आणि दोन तास उशिरा पोचला. भर मेजवानीत भोंगा झाला. माणसं उतारावरून पळाली. तळं तर कधीच ओसरलं होतं. कासिम आतांचं कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ते घोड्यावर बसत नाहीत, आणि आमच्यात घोड्यावर न बसणाऱ्या माणसाला कुणी कसा आहेस विचारत नाही, नुसतं कुमिस पुढे करतं. त्याच आठवड्यात मी कारोलमध्ये एक ओळ घातली. संदेशावर निघाल्याची वेळ असते. ती आणि फोनची वेळ यांत दहा मिनिटांहून जास्त फरक असेल, तर तो संदेश टाकून द्यायचा आणि भोंगा करायचा नाही. त्या आवृत्तीतली मला सगळ्यात प्रिय ओळ तीच होती.

फोनमधून काठीची टकटक जवळ येत गेली.

"काय वाचायचंय?" आतांचा आवाज आला. "हां. एक जानेवारी. दोन हजार पंधरा."

"नव्या वर्षाच्या शुभेच्छा, आता!" झानिश हसला. मग त्याचं हसू तिथल्या तिथे विझलं.

फोन मरून उठला की आपल्या जन्मदिवशी उठत होता. वरच्या टॉवरकडून त्याला खरी वेळ कळत नव्हती. आजचा संदेश त्याला कित्येक वर्षं पुढचा वाटत होता. आणि माझी ओळ तो टाकून देत होती.

"ओळ माझी आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," आके म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. "ऐक, पोरी. आता काही बदललं तर पुन्हा वाचणं आलं, तपासणं आलं. हे सगळं तूच आम्हाला शिकवलंयस. पावणेदहा होत आले. एका फोनासाठी चाळीस गावं बहिरी ठेवायची? सोडून दे आत्ता. पुढच्या रविवारी दुसरी काढू."

"एक फोन? आके, जुलै आहे. चाळीस गावांतली अर्धी माणसं वर कुरणांत आहेत. सगळ्यांचे फोन उन्हावरच उठतात. आणि तळी दिवसा फुगतात, ऊन चढल्यावर. नेमका तेव्हाच हा मुका."

आकेंनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या खांद्यामागे पाण्याचा आकडा होता. दोन बोटं.

"ओळ काढून टाकू मग," झानिश म्हणाला.

"मग सगळेच फोन पुन्हा उशिरा वाजतील. पुन्हा कुणीतरी..." मी थांबले. फोन अजून चालू होता.

"कुणीतरी पडेल," कासिम आतांनी माझं वाक्य पुरं केलं. "बोल की. पळता पळता पडलो, पोरी. झोपेत वाहून गेलो नाही."

मी लिहायला बसले. सगळी ओळ काढायची गरज नव्हती. प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा जन्मदिवस माहीत असतो, मीच तो तिच्या पोटात कोरते. स्वतःच्या जन्माआधीचा दिवस कुणी पाहिलेला नसतो. फोन तसा दिवस सांगत असेल तर त्याच्या घड्याळावर विसंबायचं नाही. ज्याला वेळ कळत नाही त्यानं उशिरा का होईना, वाजावं. चार ओळी झाल्या. आकेंनी त्या मोठ्यानं वाचल्या, एकदा सरळ आणि एकदा शेवटाकडून, जुन्या माणसांसारख्या. त्यांनी एक चूक काढली. मी ती दुरुस्त केली. झानिशनं तीन फोनांची घड्याळं हातानं मागे नेली आणि संदेश धाडला. तिन्ही वाजले. बाकीच्या तपासण्याही त्यानं पुन्हा पळवल्या. पावणेअकरा झाले.

"झालं! आता सही," आके म्हणाले.

"नाही. घड्याळ मागे केलेला फोन आणि मेलेला फोन एक नाहीत. गुरुवारी मी माझ्याच टेबलावर पाहिलं होतं. मला आपाचा फोन वाजलेला हवा."

"अगं..."

"चाखल्याशिवाय नाही, आके."

पण आपाच्या फोनला नवी आवृत्ती घेता येईना. तारीख चुकलेल्या फोनवर इंटरनेटचं कुठलंच सुरक्षित दार विश्वास ठेवत नाही. आधी तारीख सुधारायला हवी होती, मग उतरवून घ्यायचं, आणि मग तपासायला फोन पुन्हा मारायचा. कासिम आतांनी एकेक कळ विचारत दाबली. "हे दातेरी चाक दाबू? मोडलं तर भरून देणार नाही हां!" तारीख लागली. आवृत्ती उतरू लागली, थेंबथेंब, आटलेल्या घोडीच्या सडातून येतं तशी. अकरा. अकरा-दहा. अकरा-वीस.

"आली गं," आपा म्हणाली. "तुझ्या कारोलचं चित्र आलं."

"आता मागचं झाकण उघड आणि बॅटरी काढ. गाणं म्हण एखादं, दहा कडव्यांचं. मग परत बसव."

"जित्या फोनला मारायला सांगतेस?"

"आपा, तू रोज मारतेसच की."

"मी नाही मारत. तो आपणहून मरतो," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

अकरा अठ्ठावीस.

मग काही नाही. झानिश दर तीन मिनिटांनी एक चाचणीचा संदेश धाडत होता. ते संदेश कुठेतरी हवेत रांग लावून उभे असतील. अकरा पस्तीस. आम्ही तिघंही पडद्यावरच्या एका रिकाम्या ओळीकडे बघत होतो. माझ्या खिडकीतून समोरच्या झाडाखाली मुलांचा घोळका दिसत होता, आइस्क्रीम खात. बारा वाजता काय होणार आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"काराकोलहून डोंगर दिसतोय," झानिश म्हणाला. "वर ढग आलाय, एजे. पत्र्यावर सावली असेल. बोलून बोलून बॅटरी संपली असेल, ऊन लागल्याशिवाय तो उठायचा नाही."

अकरा पंचेचाळीस.

"कुंदूझ," आके म्हणाले, "माझ्याकडे दुसरी किल्ली आहे."

होती. मला काही झालं तर म्हणून, बंद पाकिटात. नियमच होता तसा, आणि तोही माझाच.

"आहे," मी म्हटलं. "वापरा. पण मग सही तुमची. मी पंचावन्नपर्यंत थांबणार."

"आणि पंचावन्नला?"

पंचावन्नला मी सही करणार होते, हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. न चाखलेलं दूध चाळीस गावांना पाजणार होते. आके पाकीट घेऊन आले. पडद्यासमोर टेबलावर ठेवलं. त्याच्यावर हात ठेवून बसले. फोडलं नाही.

अकरा पन्नास. वरच्या काठीचा आकडा हलला. दीड बोट.

झानिश आता काही विनोद करत नव्हता. ओठांनी मिनिटं मोजत होता.

अकरा बावन्न. अकरा त्रेपन्न.

रिकामी ओळ भरली.

*उलकान. ऐकलं. १ जानेवारी २०१५.*

लगेच तिच्याखाली दुसरी आली. मग तिसरी. रांगेत थांबलेले सगळे संदेश एकामागून एक दारात शिरत होते आणि आपा प्रत्येकाला 'ऐकलं' म्हणत होती. प्रत्येकाची तारीख एकच होती. त्या दिवशी कारोल नव्हता. त्याची पहिली ओळसुद्धा लिहिली गेली नव्हती.

मी सही केली. घाईत परवलीचा शब्द एकदा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर पडला. अकरा पंचावन्न.

पहिला फोन बाळिक्चीचा, मग नारिनचे दोन. मग गावं उजळायला लागली, अंगणात एकेक दिवा लागत जावा तशी. बाराच्या ठोक्याला एकतीस. बारा वाजून सहा मिनिटांनी चाळीस. आकेंनी पाकीट खणात टाकलं आणि खण बंद केला. "गुरुवारची तक्रार," एवढंच म्हणाले.

मी ती उघडली. 'आढळलं नाही' खोडलं आणि लिहिलं, 'कुंदूझची चूक. तपासणाऱ्यांचे फोन कधी मरत नाहीत. यापुढे यादी हिरवी होण्याआधी एक फोन मारून उठवावा.'

झानिशचा दुसरा फोन वाजला.

"अगं ए!" आपा धापा टाकत होती. मागे कुत्री उठली होती, खूर वाजत होते, कासिम आता कुणालातरी शिव्या घालत होते. "आठ वेळा बोंबलला तुझा मुका! ढग सरला, फोन उठला, आणि जो सुटला! सगळ्या घोड्या खुंटे उपटून पळाल्या. संध्याकाळपर्यंत दूध मिळायचं नाही!"

"आपा, पाणी चढतंय. दीड बोट राहिलं. घोड्या राहू दे. आधी वरच्या अंगाला जा."

"घोड्याच गेल्यात वरच्या अंगाला. त्यांच्यामागेच चाललेय."

"आपा, बाता अर्धी राहिली..."

"मला कुठे हात मोकळे आहेत आता! उरलेली तुम्हीच पुरी करा," ती म्हणाली. "फोन खांबालाच ठेवते. बोंबलला तर वरपर्यंत ऐकू येईल."

फोन बंद झाला. जिनं सुरू केली तीच नसताना बाता कशी पुरी करायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आकेंनी तळवे उघडले. मग झानिशनं, मग मी. कुणाला शब्द सुचला नाही. वरच्या काठीचा आकडा दीड बोटावर थांबला होता. त्याच्याकडे बघत आम्ही तसेच बसून राहिलो, आणि मग तोंडावरून हात फिरवले.